फुटबॉल स्टेडियमचा माहोल मारणाऱ्या या चुका टाळा

नवं स्टेडियम उघडलं की बातमीत आसनसंख्या येते, पडद्याचा आकार येतो, खाण्यापिण्याचे किती स्टॉल आहेत तेही येतं. वर्ष-दोन वर्षांत चाहत्यांची कुरकुर सुरू होते: सोयी सगळ्या आहेत, पण जुन्या मैदानाची मजा नाही. मग क्लब आणखी दमदार स्पीकर बसवतो, गोल झाल्यावर ज्वाळा उडवतो. त्याने काडीचा फरक पडत नाही. माहोल बहुतांशी नकाशावरच ठरून गेलेला असतो. पहिल्या रांगेचं अंतर, स्टँडचा चढ, वरचं छप्पर आणि कोणाला कुठे जागा द्यायची, या चार गोष्टी चुकल्या की पुढची कित्येक वर्षं डागडुजीत जातात. त्या चुका कुठे होतात आणि झालेली चूक कितपत दुरुस्त होते, ते बघू.

एकाच मैदानात सगळे खेळ

सर्वांत महागात पडणारी चूक ही. पैसा सरकारचा किंवा महापालिकेचा असला की "ॲथलेटिक्सही झालं पाहिजे" असा आग्रह येतोच. नकाशावर धावपट्टी म्हणजे एक बारीक लाल रेघ दिसते, त्यामुळे कोणी हरकत घेत नाही. जरा हिशोब करा. 400 मीटरच्या आठ पदरी धावपट्टीची मापं ठरलेली असतात: सरळ बाजू 84.39 मीटर, आतल्या वळणाची त्रिज्या 36.5 मीटर, प्रत्येक पदर 1.22 मीटरचा. म्हणजे बाहेरच्या कडेपर्यंत एकूण लांबी सुमारे 177 मीटर. फुटबॉलचं मैदान 105 मीटरचं. गोलरेषेपासून धावपट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत 36 मीटर मोकळे राहतात, आणि पहिली रांग त्याच्याही मागे. टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या बाजूला हेच अंतर बारा मीटर असतं, ते एकवेळ चालून जातं. पण सगळ्यांत जास्त ओरडणारी मंडळी बसतात गोलमागे, आणि नेमकी तीच सर्वांत लांब फेकली जातात.

क्रिकेटच्या मैदानात फुटबॉल खेळवला की गणित उलटं होतं. सीमारेषा मध्यापासून 70 मीटरवर धरली तर गोलमागे साधारण साडेसतरा मीटर उरतात, पण बाजूला 36. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 ची 17 वर्षांखालील विश्वचषकाची लढत ज्यांनी बाजूच्या स्टँडमधून पाहिली, त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही. स्टेडियम देखणं आहे, पण ते क्रिकेटचं आहे.

या चुकीचा नमुना बघायचा तर इटलीतल्या तुरीनचा. 1990 च्या विश्वचषकासाठी तिथे देल्ले आल्पी स्टेडियम उभं राहिलं, पुढे युव्हेंटस क्लबचं ते घरचं मैदान झालं. जवळपास 69,000 आसनं, भोवती धावपट्टी. बाजूला सरावाचा ट्रॅक नसल्यामुळे मोठ्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा तिथे होऊच शकल्या नाहीत. म्हणजे जिच्यासाठी फुटबॉलचा बळी दिला, ती धावपट्टीही बिनकामाचीच राहिली. 2001-02 च्या हंगामात सांपदोरियाविरुद्धच्या कोपा इटालिया (इटलीचा चषक) सामन्याला 237 प्रेक्षक होते. युव्हेंटसच्या घरच्या सामन्याला! शेवटी क्लबने ते पाडलं आणि त्याच जागेवर सुमारे 41,000 आसनांचं स्वतःचं स्टेडियम बांधलं. सप्टेंबर 2011 मध्ये ते उघडलं. पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर आली. त्यानंतर युव्हेंटसने ओळीने नऊ वेळा सेरी आ, म्हणजे इटलीची अव्वल लीग, जिंकली. श्रेय अर्थातच खेळाडूंचं आणि प्रशिक्षकांचं, पण आसनं कमी करूनही क्लबचं काही बिघडलं नाही एवढं नक्की.

पाडायला पैसे नसतील तर? जर्मनीच्या श्टुटगार्टने 2009 ते 2011 दरम्यान धावपट्टी काढून मैदानाची पातळी खाली नेली आणि गोलमागचे स्टँड नव्याने पुढे बांधले. स्पेनच्या सान सेबास्तियनमध्ये रेआल सोसिएदाद क्लबने अनोएता स्टेडियमची धावपट्टी 2017 नंतर तशीच हटवली. मैदान खोल नेल्यावर पुढच्या रांगा आत वाढवता येतात. हा उपाय खर्चिक असला तरी खरा आहे. लंडनच्या वेस्ट हॅमने 2016 मध्ये अप्टन पार्क हे जुनं मैदान सोडून 2012 च्या ऑलिम्पिकचं लंडन स्टेडियम घेतलं, तिथे मात्र सरकत्या खुर्च्यांवर भागवलं. खुर्च्या पुढे येतात, पण मग खालचा आणि वरचा मजला यांच्यात दरी पडते. पुढे मैदानाभोवतीचं हिरवं आवरण बदलून क्लबच्या गडद लाल रंगाचं केलं, गोलमागचे खालचे स्टँड चौकोनी करून पुढे आणले. दिसायला बरं झालं. अंतराचं मूळ दुखणं पुरतं गेलं नाही.

चपटा चढ आणि छापाची वाटी

स्टेडियमचे रचनाकार दृष्टिरेषेचा हिशोब मिलिमीटरमध्ये करतात: माझी नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून किती उंचीवरून जाते? साधारण 90 मिलिमीटर मिळाले तर उत्तम, 60 म्हणजे कामचलाऊ. पहिली रांग मैदानाच्या जवळ आणायची तर हा आकडा राखण्यासाठी मागच्या रांगा उभ्या चढत्या कराव्या लागतात. खर्च वाढतो, जिने वाढतात, म्हणून कंत्राटदार चढ चपटा ठेवायला बघतो. तिथे ऐकू नका. उभ्या चढाच्या स्टँडमध्ये शेवटची रांगही खेळावर झुकलेली असते आणि खाली खेळाडूला समोर माणसांची भिंत दिसते. चढ चपटा केला की तीच माणसं मागे मागे पसरत जातात. फुटबॉलसाठी सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून 190 मीटर ही बघण्याची कमाल मर्यादा मानतात. चेंडू लहान आहे, त्यापलीकडे तो नुसता अंदाजाने बघायचा.

दुसरी खोड म्हणजे चारही बाजू एकसारख्या करून स्टेडियमची वाटी करणं. इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात आणि त्यानंतर अशा वाट्यांची रांगच लागली: मिडल्सब्रो 1995, डर्बी 1997, साउदॅम्प्टन 2001, लेस्टर 2002. स्वच्छ, सुरक्षित, सोयीची मैदानं. पण खुर्च्यांचा रंग झाकला तर टीव्हीवर कोणतं कुठलं ते सांगता येत नाही. जुन्या मैदानांचा वेडावाकडा आकार कोणी हौसेने काढलेला नव्हता. आजूबाजूला घरं होती, रेल्वे होती, गल्ली वळत होती. शहराबाहेर, पार्किंगच्या समुद्रात बांधलं की ती अडचण जाते आणि तिच्यासोबत चेहराही जातो. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने 2020 मध्ये रेल्वेमार्गांमध्ये सापडलेल्या तिकोनी जागेत 17,250 आसनांचं स्टेडियम बसवलं. जागेची अडचण इमारतीत दिसते, आणि तिथेच त्याचं रूप आहे. (खुर्च्या मुद्दाम वेगवेगळ्या रंगांच्या मिसळून लावल्यात, म्हणजे काही रिकाम्या राहिल्या तरी डोळ्यात भरत नाहीत. हुशारी आवडली.) स्पेनच्या बिल्बाओने तर सान मामेस स्टेडियम 2013 मध्ये जुन्या मैदानाला खेटूनच उभं केलं, त्यामुळे सामन्याआधी चाहते ज्या रस्त्यांवर, ज्या बारमध्ये जमत, ते बदलावे लागले नाहीत. एव्हर्टनचं 2025 मध्ये उघडलेलं स्टेडियम लिव्हरपूलच्या जुन्या गोदीत आहे. क्लबच्या जुन्या गुडिसन पार्कच्या स्टँडवर रचनाकार आर्चिबाल्ड लीचने केलेली फुल्याफुल्यांची नक्षी तिथल्या विटांत उतरवली आहे. आठवण म्हणून ती छान, पण माझ्या मते तिथलं खरं काम दक्षिणेचा उभा, एकसंध स्टँड करतो.

गाणाऱ्यांना विखुरणं

आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे, दीडशे मीटर, पोचायला त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. म्हणून दोन टोकांनी एकच गाणं एकाच वेळी धरायचा प्रयत्न केला की ताल फाटतो. उपाय जुनाच आहे: एका गोलमागे एकसंध मोठा स्टँड, आणि गाण्याची सुरुवात तिथूनच. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर सुमारे 25,000 लोक उभे राहून सामना बघतात. टॉटनहॅमने एप्रिल 2019 मध्ये उघडलेल्या 62,850 आसनांच्या स्टेडियममध्ये हाच धडा गिरवला: दक्षिणेला 17,500 आसनांचा एकमजली स्टँड.

उलट उदाहरण लंडनच्या वेम्बलीचं. 2007 मध्ये उघडलेल्या या 90,000 आसनांच्या स्टेडियममध्ये मधला अख्खा मजला महागड्या सभासदांचा. मध्यंतर संपून खेळ सुरू झाला तरी तिथले लाल खुर्च्यांचे पट्टे रिकामे, कारण मंडळी आत अजून जेवतायत. दिसायला वाईट दिसतं हा भाग वेगळा. खालची आणि वरची गर्दी या पट्ट्यामुळे एकमेकींपासून तुटते. अशा महागड्या जागा आणि खासगी बॉक्स विकल्याशिवाय कर्ज फिटत नाही, हे मान्य. मग ते एका बाजूच्या स्टँडमध्ये ठेवा. चारही बाजूंनी कडं घालू नका.

उभं राहण्याबद्दल. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत 97 जणांचा जीव गेला आणि त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या स्तरांवर सर्वत्र खुर्च्या आल्या. त्या निर्णयाला हसणाऱ्यांनी आधी त्या दुर्घटनेच्या चौकशीचा अहवाल वाचावा. मात्र आता प्रत्येक रांगेला कठडा असलेली आसनं मिळतात, त्यामुळे गर्दी पुढे कोसळत नाही. स्कॉटलंडच्या सेल्टिकने 2016 मध्ये ती बसवली, इंग्लंडमध्ये जानेवारी 2022 पासून परवाने मिळू लागले. नवं बांधताना गोलमागे ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा; नंतर बसवायला पायऱ्यांची रुंदीच पुरत नाही, असं होऊ शकतं.

छप्पर फक्त पावसासाठी समजणं

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. वर कडक, भरीव छप्पर आणि बंद कोपरे असतील तर तो परत खाली येतो. पातळ कापडी पडदा दिसायला हलका आणि सुंदर, पण ढोलाचा खर्ज त्यातून निसटतो. आणि पावसाचंही गणित नीट करा: सान मामेसमध्ये पुढच्या रांगा भिजत होत्या, म्हणून 2016 मध्ये छप्पर पुढे वाढवावं लागलं.

झेपेल त्याहून मोठं

डार्लिंग्टन या लहान इंग्लिश क्लबने 2003 मध्ये 25,000 आसनांचं स्टेडियम उघडलं. प्रेक्षक यायचे काही हजार. पन्नास पानांची पंगत मांडावी आणि जेवायला दहा जण यावेत, तसं ते दर शनिवारी दिसायचं. क्लब डबघाईला आला आणि 2012 मध्ये ते सोडून गेला. सरासरी गर्दीपेक्षा थोडं मोठं बांधा, कोपरे पुढे वाढवता येतील असे ठेवा.

तिकीट आणि स्पीकर

फेब्रुवारी 2016. लिव्हरपूल नव्या मेन स्टँडमध्ये 77 पौंडांचं तिकीट आणणार होतं. संडरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो चाहते उठून बाहेर गेले. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं. सामना 2-2 सुटला. काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतले. गाणी गाणारी पोरं पंचविशीतली असतात, त्यांच्याकडे एवढे पैसे नसतात, आणि ती गेली की उरतात ते शांतपणे टाळ्या वाजवणारे. गोलमागच्या स्टँडचा दर वेगळा आणि कमी ठेवा, मित्रांना शेजारी-शेजारी तिकिटं काढू द्या.

ध्वनिक्षेपक किक-ऑफच्या पाच मिनिटं आधी बंद करा. लोकांना आपलं गाणं सुरू करायला शांतता लागते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की डीजेची गरज पडत नाही. तिथे आधी पेठा आणि तालमी आल्या, ईर्षा आली, स्टँडचं बघू मग.

बांधून झालंय, आता काय?

लंडनचं आर्सेनल 2006 मध्ये जुनं हायबरी सोडून एमिरेट्स स्टेडियमला गेलं तेव्हा स्टँडना नावंही नीट नव्हती. 2009 पासून क्लबने भिंतींवर जुने खेळाडू आणले, मग नॉर्थ बँक आणि क्लॉक एंड ही हायबरीची नावं परत आली, घड्याळ आलं. स्वस्तातला उपाय, आणि थोडा उपयोगीही. पण खरा फरक तरुण गटांना गोलमागे एकत्र जागा दिल्यावर पडला, असं मला वाटतं. आधी जागा द्या, रंगरंगोटी नंतर.

राहिला पाहुण्या चाहत्यांचा प्रश्न. त्यांना सर्वांत वरच्या मजल्यावर टाकायचा मोह होतो. न्यूकॅसलमध्ये वर्षानुवर्षं तसंच आहे. नजरेआड केलं की डोकेदुखी कमी, पण घरच्या गर्दीला उलट उत्तर द्यायला समोर कोणी राहत नाही. घरच्या गाणाऱ्यांना त्यांचा आवाज ऐकू जाईल इतक्या जवळ, खालच्या कोपऱ्यात बसवा, मध्ये रिकाम्या रांगांचा आणि सुरक्षारक्षकांचा पट्टा ठेवा. आणि त्यांचं तिकीट महाग करू नका, नाहीतर तो कोपरा रिकामाच राहील. प्रीमियर लीगने 2016-17 पासून या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली ती याचसाठी.