जुलैमधल्या ‘निरंक’वर विश्वास ठेवू नका

पेट्रोलच्या गळतीनंतर भूजल तपासायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. बीटेक्स (बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन) म्हणजे काय, पर्जिंग, म्हणजे नमुन्याआधी विहिरीतलं साचलेलं पाणी उपसणं, कसं करतात, हे तुम्हाला येत असेलच. नसेल तर साइटवर आठवड्याभरात येईल. मला ज्याने सगळ्यांत जास्त रडवलं, तेवढंच इथे सविस्तर सांगते: पाण्याची पातळी आणि विहिरीचा स्क्रीन, म्हणजे पाणी आत यावं म्हणून फटी ठेवलेला पाइपचा भाग.

मिसळीवरच्या तर्रीसारखं पेट्रोल भूजलावर तरंगतं, असं चित्र आपण वहीत काढतो. जमिनीत तसा सलग थर नसतो. भरावाच्या मातीत, मुरमात, बेसाल्टच्या भेगांत पाणी आणि पेट्रोल एकाच पोकळीत दाटीवाटीने बसलेले असतात.

समजा, मॉनिटरिंग वेलचा, म्हणजे भूजल तपासायला मारलेल्या बोअरचा, स्क्रीन 3 ते 6 मीटर खोलीवर आहे. मे महिन्यात पाणी 4 मीटरवर. फटींतून पेट्रोल आत येतं, इंटरफेस प्रोब (तेल कुठे लागलं, पाणी कुठे लागलं ते दाखवणारं उपकरण) वाजतो, तुम्ही पेट्रोलच्या थराची जाडी लिहून घेता. जुलैत पाणी दीड मीटरवर चढतं. चढताना ते बरंचसं पेट्रोल थेंबाथेंबाने जागच्या जागी कोंडून टाकतं. जे वर सरकतं, त्याच्यासमोर बिनफटींचा केसिंग पाइप. आत शिरायचं कुठून? विहिरीत आधी असलेलं तेल कुणीतरी बेलरने, म्हणजे दोरीला बांधून सोडायच्या नळीने, काढून टाकलेलं असतं. प्रोब फक्त पाणी दाखवतो, रिपोर्टात ‘तेल: निरंक’ पडतं आणि क्लायंट खूश. पुढच्या उन्हाळ्यात पातळी उतरली की कोंडलेलं पेट्रोल सुटून पुन्हा विहिरीत येतं आणि ऑफिसात बोंब उठते, नवी गळती! जुलैत काही साफ झालेलं नसतं आणि मेमध्ये काही फुटलेलंही नसतं. त्यात काळ्या पत्थराच्या भेगेत दाबाखाली अडकलेलं तेल कधी कधी नेमकं उलट वागतं, पाणी चढलं की विहिरीत जाडी वाढते.

तेव्हा साइटवर जाण्याआधी प्रत्येक वेलचा बोअर लॉग, म्हणजे खोदताना किती खोलीवर काय लागलं याची नोंद, मागा. ‘सापडत नाही’ म्हणाले तर पुन्हा मागा. जाडी आणि पातळी एकाच आलेखावर काढा आणि स्क्रीनचा वरचा काठ त्यावर आडव्या रेघेने दाखवा. ऑफिसच्या तयार एक्सेल साच्यात ही रेघ नसते, म्हणून तर मला ते साचे आवडत नाहीत. एसीत बसून ‘ट्रेंड घटता आहे’ म्हणणाऱ्या साहेबांपेक्षा बोअर मारणारा ऑपरेटर चांगला गुरू. ओला मुरूम कुठे लागला, वास कुठे आला, त्याला तोंडपाठ असतं. त्याच्यासोबत चहा प्या.

माहुल-तुर्भे पट्ट्यात किंवा कुठल्याही खाडीकाठी काम असेल तर भरतीचं वेळापत्रक खिशात हवंच. उधाणाला मुंबईत समुद्र 4 मीटरच्या वर चढउतार करतो आणि काठाजवळच्या विहिरी त्याला साथ देतात. सकाळी अर्ध्या विहिरी आणि जेवून उरलेल्या मोजल्या तर भूजलाच्या प्रवाहाची दिशा चुकलीच म्हणून समजा. पेट्रोलच्या वजनाने विहिरीतलं पाणी खाली दबतं, तेही विसरू नका. घनता 0.75 धरली तर 40 सेंटिमीटर पेट्रोलखालचं पाणी 30 सेंटिमीटर वर धरायचं.

हे वाचून घाबरू नका. पहिल्या पावसाळ्यात कुणालाच काही कळत नाही. आलेख एकदा नीट बसला की विहिरी ओळखीच्या होतात, कुठली कधी रुसते ते कळतं.

नमुने घेताना मात्र मी कुणाला सूट देत नाही. स्वच्छ विहिरीकडून घाण विहिरीकडे जा. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब ठेवा. त्याच्यात पेट्रोल भरलेल्या हाताने कुपी धरू नका, नवे ग्लोव्हज घाला. 40 मिलिलिटरच्या कुपीत एक बुडबुडाही राहता कामा नये, बेंझिन त्यातच पळून जातं. अॅसिड घातलेली कुपी 4 अंशांवर ठेवली तर 14 दिवस चालते, पण मुंबईच्या दमटपणात बर्फ दुपारीच वितळतो, जास्तीचा घ्या. तेल तरंगत असलेल्या विहिरीतून ‘विरघळलेलं बेंझिन’ मोजायला नमुना घेऊ नका, त्या आकड्याला अर्थ नसतो.

आणि लॅब ठरवण्याआधी तिची शोधमर्यादा विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. 50च्या खाली काहीच न दिसणाऱ्या लॅबचा ‘आढळले नाही’ घेऊन तुम्ही करणार काय? स्वस्त कोटेशनमध्ये हा आकडा बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागवा.