घरची कला अंगात कुठं उतरलीय, ते असं शोधा

तासगावात बेदाण्याच्या प्रतवारीच्या शेडवर मी मुकादम आहे. हंगामात पट्ट्यासमोर बायका बसवणं, मालावर नजर ठेवणं, मालकाशी मजुरीचं बोलणं हे माझं काम. शिक्षण दहावीपर्यंत. हे काम कुणाकडून शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी आजीकडून म्हणते. आजीनं बेदाण्याची शेड कधी पाहिलीही नव्हती. ती वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची.

शेडवर नव्यानं येणाऱ्या पोरी म्हणतात, "ताई, आमच्या घरात कला-बिला काही नाही." जरा बोलतं केलं की कळतं, आईला रुखवत मांडायला भावकीतनं बोलावणं येतं, चुलता हलगी वाजवतो, आजीला चुली घालता येतात. घरात एवढं असून पोरगी स्वतःला रिकामी समजते, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा, पण "तुम्हाला काय काय येत होतं?" असं विचारू नका. "काय न्हाई गं, आपलं घरचंच" एवढ्यावर ते थांबतात. त्याऐवजी विचारा, "लोक तुम्हाला कशासाठी बोलवायला यायचे?" मी आत्याला हेच विचारलं. मला वाटत होतं आजीचा टाका बारीक, म्हणून बोलवत असतील. आत्या म्हणाली, "टाका घालणाऱ्या गावात रग्गड होत्या. तिला वाकळ लावायला न्यायचे."

वाकळ लावणं म्हणजे शिवायच्या आधीचं काम. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, कडांवर दगड ठेवायचे, मग त्यावर धोतरं, धडपे, फाटक्या चोळ्यांचे तुकडे पसरायचे. विरलेल्या जागेवर न विरलेला, धड तुकडा आला पाहिजे. पोटात कुठं गोळा राहता कामा नये. वरच्या ठिगळांत हिरव्याशेजारी कुठला हिरवा ठेवला तर दोन्ही उठून दिसतील आणि कुठला ठेवला तर दोन्ही मळके दिसतील, हे आजी नुसत्या नजरेनं ठरवायची. मग चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेनं आत धावदोरा घालत यायच्या. एकीनं दोरा ओढून घेतला की तेवढा कोपरा आकसतो, चुण्या पडतात. आजी मधूनच उठून वाकळेवरनं तळहात फिरवायची. कोण घट्ट शिवतंय, कोण सैल, हे तिला हातालाच कळायचं. कुणाला चारचौघींत बोलायची नाही. "तू जरा हिकडं ये गं, उजेडाला," म्हणून घट्ट हाताच्या बाईला सैल हाताच्या बाईशेजारी बसवायची. दोघींचे टाके थोड्या वेळात एकमेकींना धरून यायला लागायचे.

आता माझं काम बघा. पट्ट्यावरनं बेदाणा येतो, त्यात हिरवा, पिवळा, काळपट वेगळा करायचा. हिरव्यात पिवळसर झाकेचे दाणे राहिले की भाव पडतो. ती झाक मला लांबून दिसते. शंका आली तर मूठभर माल दाराच्या उजेडात नेऊन बघते. बायका बसवताना मी घाईच्या हाताशेजारी सावकाश हात बसवते. यातलं काहीही मी मुद्दाम आजीकडनं शिकले नाही. वाकळेच्या कडेला बसून लहानपण गेलं, तेव्हा ते डोळ्यांत आणि हातांत उतरलं.

म्हणून दुसरं काम हे: घरच्या कलेचे तुकडे पाडून बघा. वाकळ म्हटलं तर त्यात रंगाची नजर आहे, कापड ओळखणारा हात आहे, न कंटाळता बसण्याची ताकद आहे आणि माणसं सांभाळणं आहे. अख्खी कला एका माणसात क्वचितच उतरते. माझा टाका आजही वाकडा जातो. यातला कुठला तुकडा आपल्याकडे आलाय, एवढंच शोधायचं.

आमच्या सांगली जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण मिरजेत आहे. तिथं सतार-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज आणताना, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानसीनं किंचित किंचित घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा घासतात. एक हात जास्त पडला तर आवाज बिघडतो. पात्यावर किती दाब द्यायचा हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे हात नव्या कामाला लागले, त्याला कानाची जोड मिळाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

किर्लोस्करवाडीचंही तसंच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती वाट बंद झाली. रेखाटणारा हात मात्र होता. ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले, पुढे शिकवू लागले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. ज्यांना वाटतं की घरची कला आपल्याला पुरती जमत नाही म्हणून विषय संपला, त्यांनी या माणसाकडे नक्की बघावं.

आपला तुकडा ओळखायची माझी रीत साधी आहे. चार जणांत मिळून होणाऱ्या कामात जा. गौरी सजवणं असो, यात्रेचा मांडव असो, लग्नातलं रुखवत असो. तिथं तुमचा हात आपोआप कुठं जातो ते बघा. दुसऱ्यानं ठेवलेलं तुम्ही न राहवून सरळ करता का? लोक कुठल्या गोष्टीसाठी वळून तुम्हालाच विचारतात? कुठल्या कामात जेवायची वेळ टळून गेली तरी कळत नाही? रात्री वहीत दोन ओळी लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा तेच यायला लागलं की समजा, सापडलं.

पुढारपण त्यानंतर येतं, आणि ते मागून मिळत नाही. आधी एकीला शिकवा, एकीलाच. शिकवताना आपल्याला जे सहज जमतं ते बोलून दाखवावं लागतं, आणि तिथं खरी परीक्षा होते. पिवळसर झाक कशी ओळखायची हे मी एका पोरीला समजावायला बसले, तेव्हा मला आधी मी स्वतः कुठं बघते ते बघावं लागलं: देठाकडच्या बाजूला. ती शिकली, तिनं दुसरीला शिकवलं, आणि मग मालकानं विचारलं की या सगळ्यांना सांभाळतं कोण. नवीन बाई चुकली की सगळ्यांदेखत बोलू नका, जागा बदलून बघा. चांगलं काम झालं की मात्र सगळ्यांदेखत सांगा.

एक गोष्ट पोरींना मी जरा जोरात सांगते. घरची कला म्हणून तुमच्यावर काही लादलं जात असेल, तुम्हाला शिकायचंय आणि घरचे म्हणतात आपल्या घराण्यातलं हेच करायचं, तर नाही म्हणा. वारशातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं.

आणि फुकट करू नका. भावकीत एखादं रुखवत मांडून देणं वेगळं. वाकळेची ऑर्डर घेत असाल तर आधी विचारा, कापड तुमचं की त्यांचं. लांबी-रुंदी फुटात लिहून घ्या. दोन धावदोऱ्यांत एक बोट अंतर हवं की दोन, ते तुकड्यावर शिवून दाखवा, कारण एका बोटाच्या अंतरानं मजुरी जवळजवळ दुप्पट होते. निम्मे पैसे आधी घ्या, आणि ज्या बायका शिवायला बसणार आहेत त्यांच्यासमोर दर बोला, म्हणजे वाटणीच्या वेळी कुणाच्या मनात शंका राहत नाही.