ॲडव्हेंचर टूरिंगसाठी किती सीसीची दुचाकी घ्यावी?

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिता पिता हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "बजेटमध्ये बसेल तेवढी मोठी घे." हे सांगणाऱ्याची स्वतःची गाडी बऱ्याचदा शेडमध्ये धूळ खात असते. या सल्ल्याच्या नादी लागू नका.

आधी वर्षभरात खरंच कुठे जाणार ते बघा. लडाख एकदा होईल. बाकीचे रविवार कास-बामणोली, चाळकेवाडीचं पठार, फार तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. तेवढ्याला २०० सीसीही धावते, पण ट्रक ओलांडायला हाताशी फारसं काही उरत नाही. ४०० च्या पुढची गाडी तेच काम निवांत करते.

मग वजन. गाडी आडवी पडली तर एकट्याला उचलता यायला हवी. गिअरमध्ये ठेवा, पाठ सीटला टेकवा, कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे रेटा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर पलीकडे जाईल. हिरोची एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची, रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० आहे १९६ ची, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ८०० डीई थेट २३०. चाळकेवाडीच्या चिखलात मदतीला पवनचक्क्याच असतात.

आता खरी मेख. इंजिनाचा दम सीसीवर किंवा एचपीवर कळत नाही. मलाही हे उमगायला वेळ लागला. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, किती यापेक्षा तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते बघा. जुनी हिमालयन ४११ देते ३२ न्यूटन मीटर, पण ४००० ते ४५०० आरपीएमलाच. केटीएमची आधीची ३७३ सीसीची ३९० ॲडव्हेंचर ३७ देते, पण ७००० ला. कागदावर केटीएम सरस, आणि मोकळ्या रस्त्यावर आहेच. पण कुंभार्लीत भरलेल्या ट्रकमागे ताशी १५ नं चढताना इंजिन ७००० पर्यंत नेणार कसं?

शोरूमची सपाट रस्त्यावरची फेरी यासाठी कुचकामी. मित्राची गाडी मागा, नाहीतर भाड्यानं घ्या. मागे रोजचं माणूस बसवा, बॅगा भरून बांधा आणि यवतेश्वरचा घाट चढा. चढावरच्या वळणात दुसऱ्या गिअरवर वेग २० पर्यंत उतरू द्या आणि क्लचला हात न लावता थ्रॉटल हळूहळू उघडा. गाडी कुरकुर न करता ओढत निघाली तर इंजिन तुमच्या ओझ्याला पुरेसं आहे. हँडल थरथरलं, खडखड आली, बोटं आपसूक क्लचकडे गेली, तर नाही. एखाद्या वळणाला पहिला टाकावा लागला तर चालेल. पण वळणावळणाला हाफ क्लच लागत असेल तर ती गाडी घेऊ नका. क्लचप्लेट जळाल्याचा वास घाटाच्या निम्म्यातच येईल. एकट्यानं चढून "मस्त ओढते" म्हणण्याला काडीचा अर्थ नाही.

"मागचं स्प्रॉकेट मोठं टाक, ओढेल," असंही कुणीतरी सांगेल. स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक. ओढेल, पण महामार्गावर ८० ला इंजिन किंचाळेल. थोडी कसर भरून काढायला ठीक, चुकीची गाडी सुधारायला नाही.

माझं मत विचाराल तर एकटे आणि कच्च्या रस्त्याचे शौकीन असाल तर २०० ते २५०. डबल सीट आणि सामान असेल तर ४०० ते ४५०. ८०० च्या वर, वर्षातून दोन-तीनदा राज्याबाहेर जाणाऱ्यांनीच बघावं.

पैशाचा हिशोब करताना ३५० सीसीची रेघ ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. विमा आणि आरटीओसकट ऑन-रोड भाव लेखी घ्या, आणि पॅनियर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या), क्रॅश गार्डचे पैसे त्यात आहेत का ते तिथेच विचारा.