पॉलिमर व प्लास्टिक अभियांत्रिकीसाठी महाविद्यालय निवडताना

मेकॅनिकल, सिव्हिल किंवा कॉम्प्युटर शाखेबद्दल सल्ला देणारे कोल्हापुरात घरोघरी भेटतात. पॉलिमर व प्लास्टिक अभियांत्रिकीबद्दल नेमके सांगू शकणारा मात्र क्वचितच सापडतो, कारण ही शाखा राज्यातच मोजक्या ठिकाणी शिकवली जाते. त्यामुळे ‘कटऑफमध्ये बसेल ते घ्यायचे’ हा नेहमीचा हिशेब येथे पुरा पडत नाही.

सर्वप्रथम अभ्यासक्रमाचा कल ओळखावा. काही ठिकाणी ही शाखा केमिकलच्या अंगाने वाढलेली असते आणि तेथे बहुलकांचे (म्हणजे पॉलिमरचे) रसायनशास्त्र, रेझिन, रंग व लेपन यांवर भर असतो. काही ठिकाणी ती यंत्रांच्या अंगाने जाते आणि इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणे), एक्स्ट्रुजन (ते छिद्रातून सलग ढकलून नळ्या वगैरे काढणे), ब्लो मोल्डिंग (हवा फुंकून बाटलीसारख्या पोकळ वस्तू करणे) व मोल्ड डिझाइन (साच्यांची रचना) हे विषय मध्यवर्ती असतात. केवळ पदवीच्या नावावरून हा फरक कळत नाही. तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि मोल्ड डिझाइन सक्तीचा विषय आहे की ऐच्छिक, तसेच प्रात्यक्षिकांना आठवड्याला किती तास दिले आहेत, एवढे तरी पाहावे. ज्याला रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्याने पहिल्या प्रकारच्या संस्थेत केवळ नावासाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 1933 साली सुरू झालेली पूर्वीची यूडीसीटी, ही या क्षेत्रातील सर्वांत जुन्या नावांपैकी एक. जळगावच्या विद्यापीठातील रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाची पदवी मिळते. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था 1942 ची असून आता तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा आहे. जळगाव व नागपूर ही दोन्ही गावे लांबची असली, तरी कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दोन्हीकडे थेट पोहोचवते. घरच्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. दहावीनंतर पदविका करायची असेल, तर प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या सिपेट या संस्थेची केंद्रे छत्रपती संभाजीनगर व चंद्रपूर येथे आहेत. तेथे तीन वर्षांच्या पदविकेसाठी सिपेटची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, त्यामुळे तिची तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागते.

मागील वर्षांचे कटऑफ वाचताना एक बारकावा सुटतो. प्रवर्गाच्या संकेतातील शेवटचे अक्षर एच असेल तर ती जागा गृह विद्यापीठाची (म्हणजे महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे, तेथील विद्यार्थ्यांसाठी), ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्राची आणि एस असेल तर राज्यस्तरीय असते. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयाचा अंदाज घेताना एचचा रकाना पाहिला, तर तो अंदाज फसवा निघू शकतो. मान्यता तपासतानाही नॅक व एनबीए या मान्यता देणाऱ्या दोन यंत्रणांत गल्लत करू नये: नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला असते. कॉम्प्युटरला एनबीए आहे म्हणून प्लास्टिकलाही असेलच असे नाही.

शक्य असेल तर प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी, आणि तीही सत्र चालू असताना. इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्राजवळ प्लास्टिकच्या दाण्यांची उघडलेली पोती, जमिनीवर सांडलेले चार दाणे, बाजूला फसलेल्या तुकड्यांचा ढीग आणि ते दळणारा ग्राइंडर दिसला, तर यंत्र चालते असे समजावे. लखलखीत पुसलेले आणि प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेले यंत्र बहुधा तपासणी समितीसाठीच उघडते. मेल्ट फ्लो इंडेक्सची चाचणी ही या शाखेतील अगदी प्राथमिक गोष्ट आहे. पॉलिथिलीन सामान्यतः 190 आणि पॉलिप्रॉपिलीन 230 अंश सेल्सिअसला वितळवून, 2.16 किलो वजनाखाली ठरावीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर पडतो, हे तीत मोजतात. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला ही चाचणी स्वतःच्या हाताने केली आहे का, असे विचारावे. ‘सरांनी करून दाखवली’ असे उत्तर आले, तर माहितीपत्रकातील यंत्रांच्या यादीला फारसा अर्थ उरत नाही.

नोकऱ्यांच्या आकड्यांत सर्व शाखा एकत्र मोजलेल्या असतात; या एका शाखेची यादी, कंपन्यांच्या नावांसह आणि पदांसह, मागावी.

शुल्काबाबत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा विचार आधी करावा. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून अशाच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास या सवलती हातच्या जातात.

घर सोडणे शक्यच नसेल, तर वारणानगर किंवा कसबा बावडा येथे केमिकल अभियांत्रिकी करून पुढे पॉलिमरमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणे हा दुय्यम नव्हे, तर सरळ मार्ग आहे. मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या विकल्प अर्जात महाविद्यालयांचा क्रम लावताना सावध राहावे: पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, तर तो अंतिम समजला जातो आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणून प्रयोगशाळा न पाहिलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नये.