मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेताना या चुका टाळा

सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशकात नव्या कॅमेरा बॉडीची घाई वाढली आहे. घ्या, जरूर घ्या. पण "अॅडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) लावला की जुनं सगळं चालतं" यावर विसंबू नका. लेन्स बसणं वेगळं आणि तिने फोकस करणं वेगळं.

ओळखीच्या एका मुलाने निकॉनचा जुना आरशाचा डी७२०० विकून त्यांचीच मिररलेस झेड बॉडी घेतली. हाताशी जुनी ८०-२०० एफ २.८ एएफ-डी लेन्स होती. दुकानात विचारलं तर "चालेल" म्हणाले. हिवाळ्यात आम्ही नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी पाणकणसावरून अगदी समोरून फिरत होता आणि हा बटण दाबतोय, पण लेन्स ढिम्म. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्ये, आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही, फोकसची मोटरच नाही. एएफ-डी लेन्स फिरायची ती जुन्या बॉडीतल्या मोटरवर, आणि ती बॉडी तर विकलेली. सकाळभर पोरगं हाताने रिंग फिरवत राहिलं. उडत्या पक्ष्याचा एकही फोटो धड आला नाही.

निकॉनवाल्यांनी लेन्सवरची अक्षरं वाचावीत: एएफ-एस, एएफ-पी असेल तर मोटर लेन्समध्येच असते, निर्धास्त राहा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, म्हणून त्या अॅडॅप्टरवर छान चालतात. मी तर स्वतःची लेन्स आणि कार्ड घेऊनच दुकानात जातो, दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांवर फोकस करून बघतो. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आणि जुनी बॉडी महिनाभर तरी विकू नका.

दुसरी चूक, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम बॉडीवर छोट्या सेन्सरसाठीची डीएक्स लेन्स. २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. मग एवढे पैसे कशाला घातले? बजेट कमी असेल तर बॉडी साधी घ्या आणि लेन्स चांगली. रामकुंडावरच्या गर्दीत २४-१२० एवढं काम ६०० मिलिमीटरची लेन्स करणार नाही.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणारा माणूस फोटोत गोठवायला शटर १/१००० सेकंद हवाच.

मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेवा, फोटोत पट्टे येतात.

घाटावर धुळीत लेन्स बदलू नका. आरशाचा आडोसा गेला, बहुतेक बॉडींत सेन्सर उघडाच असतो.

बॅटरी दोन तरी जास्तीच्या घ्या, आणि त्या कंपनीच्याच.