एनक्यूएएसचं प्रमाणपत्र लागलं भिंतीवर. आता या चुका टाळा

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांचं (एनक्यूएएस) प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची धावपळ मात्र तपासणीची टीम येण्याआधीचे पंधरा दिवस. रंग, फलक, दारात रांगोळी. टीम गेली की फायली कपाटात.

पहिली चूक आयएलआरच्या (लस ठेवायच्या फ्रिजच्या) तापमान नोंदवहीत सापडते. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, नोंद दिवसातून दोनदा. वही उघडा: सकाळी ४, संध्याकाळी ४, रविवारीही ४, रात्रभर लाइट नव्हती त्या दिवशीही ४! सगळं एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेलं. अशा वेळी आरोग्य सेविकेला झापून उपयोग नाही. ८ च्या वर आकडा लिहिला की नोटीस मिळते, हे तिला माहीत आहे. ८ च्या वरचा खरा आकडा लिहिणाऱ्याला आधी अभय द्या, मग खरी वही मिळेल. तोवर स्वतः थर्मामीटर वाचून शेजारी सही करा.

एनक्यूएएसच्या चेकलिस्टमध्ये प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण असतात. स्वतःचं मूल्यमापन करताना सरसकट २ देण्याचा मोह होतो. आपलाच पेपर आपणच तपासायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार! प्रसूतिगृहाची यादी औषध निर्माण अधिकाऱ्याला द्या, औषध भांडाराची सिस्टरना. इमर्जन्सी ट्रेमधलं मुदत संपलेलं इंजेक्शन परक्या डोळ्यालाच आधी दिसतं.

त्रुटींची यादी लांबलचक, पण पुढे नाव कुणाचंच नाही, हेही नेहमीचं. यादीचे तीन भाग करा. या आठवड्यात आपण करू शकतो ते, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होणारं, आणि जिल्हा परिषदेला पत्र लिहावं लागणारं. गळकं छप्पर तिसऱ्यात. त्याच्या नावाखाली हात धुण्याचा साबण अडवू नका.

रुग्ण अभिप्रायाचे फॉर्म कर्मचाऱ्यांनी भरू नयेत, हे सांगावं लागू नये. सगळीकडे ‘उत्तम’ दिसलं तर केस पेपर हातात असलेल्या दोन आजींना विचारा: सगळ्या गोळ्या इथेच मिळाल्या का, की बाहेरून आणायला सांगितल्या?

आणि डॉक्टरसाहेबांची बदली. पासवर्ड, मागचे गुण, अर्धवट कामं त्यांच्याच पेनड्राइव्हमध्ये जातात. चार्ज (पदभार) देण्याच्या यादीत जनरेटरच्या खाली गुणवत्तेची फाइलही लिहा. नव्या डॉक्टरांची सही झाल्याशिवाय चार्ज पूर्ण धरू नका.