जुन्या शेवेलमध्ये ट्रकचे इंजिन बसवताना

ओहायोत राहत असताना माझ्या 1970 च्या शेव्हरोले शेवेल गाडीचे मूळ इंजिन निकामी झाले, तेव्हा खर्च आवाक्यात राहावा म्हणून मी भंगारातील सिल्व्हराडो ट्रकचे 5.3 लिटरचे एलएम7 इंजिन निवडले. त्याचा ब्लॉक बिडाचा असल्याने ते ॲल्युमिनियमच्या इंजिनांपेक्षा जड असते, पण तितकेच दणकट आणि स्वस्तही.

खरी कसोटी जोडभागांची होती. ट्रकचे ऑईल पॅन (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) खोल असल्यामुळे ते क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातील आडव्या पट्टीच्या, खाली लोंबते. म्हणून 1998 ते 2002 च्या कॅमॅरो गाडीचे उथळ पॅन, त्यातून तेल ओढणाऱ्या पिकअप नळीसह, घेतले. जुन्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरला (हवा-इंधन मिसळणाऱ्या भागाला) इंधनाचा साधारण 6 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो, तर या इंजिनाच्या, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांना 58 पीएसआय लागतो. त्यामुळे टाकीत विद्युत पंप आणि कॉर्व्हेट गाडीचा, आत दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर असलेला फिल्टर बसवला.

वायरिंग मात्र मी आधी दुर्लक्षिले आणि इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडू लागले. इंजिनाच्या संगणकातील, ओळखीचा संकेत न मिळाल्यास इंजिन बंद पाडणारी चोरीरोधक यंत्रणा काढून टाकल्यावरच ते स्थिर चालले. पैसे वाचवायचेच असतील तर चकचकीत झाकणांवर वाचवावेत; इंधनवाहिनी आणि गॅस्केटे मात्र नवीच घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.